“देव आहे” हे तथ्य की मत? मुलांच्या या प्रश्नाला वर्गात उत्तर कसं द्यावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. संडे स्कूलमध्ये तुम्ही सहा ते नऊ वर्षांच्या मुलांचा वर्ग घेता. धडा चालू असताना एका मुलीने विचारलं, “टीचर, देव आहे हे फॅक्ट की ओपिनियन?” शाळेत तिला शिकवलंय की सिद्ध करता येतं ते फॅक्ट आणि आपल्याला वाटतं ते ओपिनियन. तुम्ही “फॅक्ट” म्हणालात, तर तिने लगेच “मग सिद्ध करा” म्हटलं. काही पालकांना हा विषयच वर्गात नकोय, कारण मुलं पवित्र शास्त्रावर, म्हणजे बायबलवर, शंका घेऊ लागतील अशी त्यांना भीती वाटते. तुम्हाला तो शिकवायचा आहे, पण सुरुवात कुठून करावी हे कळत नाही.

शिकवाच. मी बरीच वर्षं याच वयाच्या मुलांना शिकवते आहे. जे मूल आवड, अंदाज आणि साक्ष यांतला फरक ओळखतं, त्याला विश्वास म्हणजे काय हे समजावणं सोपं जातं. हा फरक ज्याला कधी दाखवलाच नाही, ते मूल दहा-बारा वर्षांचं झालं की एक तर सगळं निमूट ऐकतं किंवा सगळंच सोडून देतं. त्या मुलीने उद्धटपणा केलेला नाही. तिला एक व्याख्या दिली गेली, तिने ती मनावर घेतली आणि तिच्यासाठी सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टीला लावून पाहिली. असा प्रश्न वर्गात आला तर मला आनंदच होईल.

खरी अडचण त्या व्याख्येत आहे. गोष्ट खरी आहे का, हा एक प्रश्न. ती खरी आहे हे आपल्याला कसं कळतं, हा दुसरा. “सिद्ध होतं ते तथ्य, वाटतं ते मत” या वाक्यात दोन्ही एकत्र कालवले गेलेत. सिद्ध न करता येणारी गोष्टही खरी असू शकते. छातीठोकपणे सांगितलेली गोष्ट साफ चुकीची निघू शकते, पण ती चुकीची निघाली म्हणून मत ठरत नाही, ते चुकीचं विधान ठरतं. शिवाय “वाटतं” या एका खणात मुलं काय काय कोंबतात ते बघा: मला निळा रंग आवडतो, उद्या पाऊस पडेल, दुबळ्याला छळणं वाईट, देव माझं ऐकतो. ही चार वाक्यं एका जातीची नाहीत.

मोठ्यांनाही हे सोपं जात नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०१८ मध्ये प्रौढांना पाच तथ्यात्मक आणि पाच मतवजा विधानं देऊन ओळखायला सांगितली. पाचही तथ्यं बरोबर ओळखणारे २६ टक्के निघाले आणि पाचही मतं ओळखणारे ३५ टक्के. तेव्हा वर्गात एका रविवारी हे जमलं नाही तर नाराज होऊ नका.

मी सुरुवात पवित्र शास्त्रापासून करत नाही, एका बरणीपासून करते. झाकणाची काचेची बरणी घ्या आणि तिच्यात रंगीत मणी भरा. भरताना वर्गातलं एक मोठं मूल सोबत घ्या, बाकीच्यांना दिसू देऊ नका. मग बरणी मध्ये ठेवून विचारा, “आत किती मणी आहेत?” पन्नास, शंभर, हजार, सगळं येतं. सगळे आकडे फळ्यावर लिहा. मग विचारा, “आपण अजून मोजलेले नाहीत. मग आत किती मणी आहेत हे आत्ता ठरलेलं आहे की नाही?” इथे घाई करू नका. सहा वर्षांची मुलं यावर वाद घालतात, घालू द्या. थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतंच, “ठरलेलं आहे, फक्त आपल्याला माहीत नाही.” हे वाक्य मुलांकडून आलं की अर्धं काम झालं. खरेपणा आपल्या माहितीवर अवलंबून नसतो, हे त्यांनी स्वतःच शोधलेलं असतं. मग मणी ओतून मोजा. ज्याचा आकडा सगळ्यात दूर गेला, त्यालाही सांगा की त्याचं ते मत नव्हतं, अंदाज होता, आणि अंदाज तपासता येतो.

आता दुसरा प्रश्न: “यातला सगळ्यात सुंदर रंग कोणता?” हात वर करायला लावा. लाल जिंकला तर विचारा, “म्हणजे लाल सगळ्यात सुंदर हे ठरलं का?” निळावाले तावातावाने उठतात. इथे मोजून उपयोग नाही, हे त्यांना तुम्ही न सांगता कळतं.

तिसरा प्रश्न माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. “हे मणी बरणीत कुणी भरले?” मुलं म्हणतात, “तुम्ही.” “कशावरून? पाहिलं का कुणी?” गप्प. मग त्या मोठ्या मुलाला पुढे बोलवा आणि बाकीच्यांना त्याला प्रश्न विचारू द्या. कधी भरले? कुठे बसून? आधी कुठला रंग टाकला? खाली किती सांडले? त्याची उत्तरं ऐकून झाली की विचारा, “याचं खरं मानायचं का? का मानायचं?” मुलं फार नेमकी कारणं देतात. तो तिथे होता. त्याला बारीकसारीक सांगता आलं. तो खोटं बोलत नाही. टीचरही तेच सांगताहेत. आपण ज्याला साक्ष म्हणतो ती ही. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हा शब्द मुलांच्या कानावरून इतक्यांदा जातो की त्याचा अर्थच उरत नाही. या बरणीपाशी तो परत येतो.

त्या दिवसापासून वर्गात एकच प्रश्न रुळवा: कशावरून? कुणी काही म्हटलं की खेळीमेळीत विचारायचा आणि मुलांनी तुम्हालाही विचारायचा. मला मुलांना विधानांचे गठ्ठे लावायला शिकवण्यापेक्षा हा प्रश्न शिकवणं कितीतरी मोलाचं वाटतं. गठ्ठे लावणारं मूल थांबतं, कशावरून विचारणारं मूल पुढे जातं.

आता तुमच्या त्या मुलीकडे येऊ. मी तिला साधारण असं सांगेन: “देव आहे, हे निळा रंग छान आहे यासारखं वाक्य नाही. देव एक तर आहे किंवा नाही, आणि आपल्या आवडीनिवडीने ते बदलत नाही. पण ते मण्यांसारखं मोजूनही दाखवता येत नाही. आपण ते खरं मानतो आणि त्यावर विश्वास ठेवतो. कशावरून, ते मी तुला सांगते. तुला जे पटणार नाही ते मला विचार.” मग माझी कारणं सांगेन. येशूला ज्यांनी पाहिलं, त्याच्याबरोबर जे राहिले त्यांची साक्ष. ती साक्ष सोडावी म्हणून त्रास झाला तरी त्यांनी ती सोडली नाही, हे. माझ्या प्रार्थनेचा अनुभव, पण तो माझा अनुभव आहे हे स्पष्ट सांगून. आणि एक वाक्य मी कधीच गाळत नाही: “काही चांगली, विचारी माणसं हे मानत नाहीत.” मुलांना ते बाहेर कळणारच आहे. आधी तुमच्या तोंडून कळलं तर त्यांना धक्का बसत नाही.

इथे एक मोह होतो, तथ्य आणि मत यांच्या शेजारी “विश्वास” असा तिसरा खण करून मोकळं होण्याचा. मला तो पटत नाही. तो खण लवकरच कुलूपबंद होतो. ज्याला कशावरून विचारायचं नाही ते सगळं तिथे जाऊन पडतं आणि मुलांना वाटतं, विश्वास म्हणजे विचार थांबवणं. उपासनेत आपण सगळे मिळून म्हणतो तो विश्वासांगीकारच बघा. त्यात देवबाप आहे, पापांची क्षमा आहे आणि मध्येच पंतय पिलात नावाचा एक रोमी सुभेदार आहे. हे नाव तिथे आहे कारण येशूचं दुःखसहन एका ठरावीक काळी, ठरावीक ठिकाणी घडलं असं आपलं म्हणणं आहे. १९६१ मध्ये कैसरियाच्या उत्खननात एक चुनखडकाचा दगड सापडला, त्यावर लॅटिनमध्ये पिलाताचं नाव आणि यहूदियाचा अधिकारी म्हणून त्याचं पद कोरलेलं आहे. नऊ वर्षांच्या पुढची मुलं हे कान टवकारून ऐकतात. पण तो दगड काय सांगतो आणि काय सांगत नाही, हेही त्याच वेळी सांगा. पिलात तिथे कारभार पाहत होता, एवढं त्यावरून कळतं. येशू मेलेल्यांतून उठला हे त्यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी आपण साक्षीदारांकडे जातो. प्रेषित पौलही करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तेच करतो: येशू केफाला, म्हणजे पेत्राला, दिसला, बारा जणांना दिसला, पाचशेहून अधिक बंधूंना एकदम दिसला आणि त्यांतले बरेच अजून हयात आहेत. म्हणजे जा, विचारा त्यांना. शुभवर्तमान लिहिणारा लूकही, ज्याच्यासाठी ते लिहितो त्या थियफिलाला आधी हेच सांगतो, की मी सगळं मुळापासून नीट शोधून लिहितो आहे. कशावरून हा प्रश्न आपल्या शास्त्राला परका नाही.

पालकांच्या भीतीचं उत्तरही यातच आहे. बिरुया नगरातल्या लोकांनी पौलाचं म्हणणं रोज शास्त्र उघडून पडताळलं आणि प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात त्यांचं कौतुकच केलंय. पालकांना एकदा बोलावून बरणीचा खेळ त्यांच्याबरोबरच खेळा. समजावून सांगण्यापेक्षा ते लवकर होतं.

गोष्टींपैकी मला या कामाला सगळ्यात उपयोगी पडते ती गणना या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायातली बारा हेरांची. देवाने इस्राएल लोकांना देऊ केलेला कनान देश बारा जण चाळीस दिवस फिरून आले. सगळ्यांनी तेच पाहिलं: देश सुपीक आहे, द्राक्षांचा घड दोघांनी दांडीवर घालून आणावा लागला, नगरं मोठी आणि तटबंदीची आहेत, लोक धिप्पाड आहेत. इथवर भांडण नाही. फळ्याच्या एका बाजूला मी हे मुलांकडून लिहून घेते. मग दुसऱ्या बाजूला: दहा जण म्हणाले, आपल्याला जमणार नाही. कालेब म्हणाला, आपण जाऊ, आपल्याला नक्की जमेल. मुलांना विचारा, कालेबाने तटबंदी नाकारली का? नाही. जे पाहिलं ते सगळं त्याला मान्य होतं, निष्कर्ष वेगळा होता. आणि तो निष्कर्ष कशावरून? देवाने दिलेल्या वचनावरून. मत म्हणजे कमी प्रतीची गोष्ट, ही समजूत इथे सुटते. मतामागे कारण असतं आणि ते कारण तपासता येतं.

त्या अध्यायाच्या शेवटच्या ओळींत हेर म्हणतात, आम्ही आमच्या दृष्टीने टोळांसारखे होतो आणि त्यांच्याही दृष्टीने तसेच होतो. इथे थांबून विचारा, “पहिला अर्धा भाग त्यांना माहीत असणार. दुसरा अर्धा कशावरून?” त्या धिप्पाड लोकांच्या मनातलं यांना कसं कळलं? विचारलं होतं का? मुलं हसतात, कारण “तिला मी आवडत नाही” आणि “सगळे मला चिडवतात” ही त्यांची स्वतःची वाक्यं त्यांना आठवतात. दुसऱ्याच्या मनातलं आपण तथ्य म्हणून सांगतो, ही सवय आठ वर्षांच्या मुलालाही या गोष्टीत ओळखता येते.

दुसरी गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातल्या, येशूने दृष्टी दिलेल्या जन्मांधाची. शेजारी म्हणतात हा तोच, दुसरे म्हणतात त्याच्यासारखा दिसतो. परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहूदी पुढारी, म्हणतात, येशू पापी आहे. तो माणूस म्हणतो, तो पापी आहे की नाही मला ठाऊक नाही, एक ठाऊक आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं. मला जे माहीत आहे तेवढंच ठामपणे सांगायचं आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणायचं, याचं यापेक्षा सरळ उदाहरण मला सापडलेलं नाही. पुढे त्याच अध्यायात तो येशूवर विश्वास ठेवतो आणि त्याला नमन करतो, तेही वाचा. माहीत आहे एवढ्यावरून तो विश्वासापर्यंत कसा पोचला, हे मुलांना पायरी-पायरीने दिसतं.

“चांगलं-वाईट” या शब्दांबद्दल जरा सावध राहा. सरावाच्या कागदांवर बहुधा अशी युक्ती शिकवलेली असते: वाक्यात सुंदर, छान, चांगलं, वाईट आलं की ते मत. या युक्तीने “दुबळ्याला छळणं वाईट आहे” हे वाक्य “निळा रंग छान आहे” याच्या शेजारी जाऊन बसतं. मग छळणारं मूल म्हणणारच, “हे तुमचं ओपिनियन.” मी मुलांना सांगते की काही वाक्यं आवडीची असतात आणि काही योग्य-अयोग्याची. योग्य-अयोग्याच्या वाक्यालाही कशावरून विचारता येतं आणि त्याला खरी उत्तरं असतात: त्याला दुखतं, तो देवाच्या प्रतिरूपाचा आहे, तुझ्याशी असं वागलेलं तुला चालेल का. रंगाच्या आवडीला अशी कारणं लागत नाहीत. डीॲना कून या मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या विचारांची वाढ अशी मांडली आहे: आधी मुलाला वाटतं, बरोबर उत्तर एकच आणि ते मोठ्यांकडे असतं; मग वयात येताना वाटू लागतं, ज्याचं त्याचं मत, सगळी सारखीच; त्यापुढे कारणं तोलून काही मतं इतरांपेक्षा भक्कम असतात हे कळतं. दुसऱ्या टप्प्यावर पुष्कळ माणसं आयुष्यभर थांबतात. नुसते दोन खण शिकवले तर आपणच मुलांना तिथे नेऊन सोडतो.

आता आपल्या, म्हणजे शिक्षकांच्या बोलण्याबद्दल. मुलं सगळ्यात जास्त इथेच शिकतात. “देवाला मोठ्याने गायलेलं आवडतं.” “देवाला टापटीप मुलं आवडतात.” वर्ग शांत करायला ही वाक्यं सोयीची असतात, पण मुलाला ती “देव प्रीती आहे” याच्याइतकीच वजनदार वाटतात. पुढे कधीतरी एक वाक्य पोकळ निघालं की दुसऱ्यालाही तडा जातो. पौल किती जपतो पाहा. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात एका ठिकाणी तो म्हणतो, ही माझी नव्हे, प्रभूची आज्ञा. लगेच पुढे, हे प्रभू नव्हे, मी सांगतो. आणि आणखी पुढे, याविषयी मला प्रभूची आज्ञा नाही, मी माझं मत देतो. प्रेषिताने इतका फरक पाळावा आणि आपण पाळू नये, हे बरं नाही. मी वर्गात तीन वाक्यं ठरवून वापरते: “शास्त्रात असं लिहिलंय”, “आपली मंडळी असं मानते”, “मला असं वाटतं”. मुलं महिनाभरात मला दुरुस्त करायला लागतात.

नाताळच्या आधी याचा एक छान सराव होतो. मुलांना विचारा, बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले मागी लोक किती होते? सगळे “तीन” म्हणतात. मत्तय दुसरा अध्याय उघडा. सोनं, ऊद, गंधरस ही तीन दानं आहेत, माणसांची संख्या दिलेलीच नाही. शिवाय ते घरात गेले असं लिहिलंय, गोठ्यात नाही. एदेनातलं फळ कुठलं? नुसतं फळ. योनाला गिळलं कुणी? मोठ्या माशाने. चित्रं आणि नाटुकली यांनी किती भर घातली हे मुलांना शोधायला फार आवडतं. त्याने शास्त्रावरचा भरवसा कमी झालेला मी पाहिलेला नाही, उलट मुलं पुस्तक उघडून बघायला लागतात.

यातलं किती घ्यायचं ते वयावर आहे. चार वर्षांखालच्या मुलांना दुसऱ्याच्या मनात चुकीची समजूत असू शकते हेच बहुधा उमगत नाही. विमर आणि पर्नर या मानसशास्त्रज्ञांच्या १९८३ च्या प्रयोगापासून हे पुन्हा पुन्हा दिसलंय. इतक्या लहान मुलांसाठी फक्त “मला आवडतं” आणि “मी पाहिलं” पुरे. तुमच्या सहा ते नऊच्या वर्गाला बरणी, हेर आणि जन्मांध नीट झेपतील. पिलाताचा दगड आणि पौलाचा सातवा अध्याय मोठ्या मुलांसाठी राखा.

काही गोष्टी तुमच्या मंडळीवरही आहेत. शास्त्राची सरळ शिकवण कुठली आणि ज्यावर विश्वासणाऱ्यांमध्ये मतभेद चालतात ती कुठली, याची रेघ प्रत्येक मंडळी वेगळ्या जागी ओढते. उत्पत्तीतले सहा दिवस कसे समजायचे, बाप्तिस्मा कोणत्या वयात घ्यायचा, यावर तुमच्या वर्गात वेगवेगळ्या घरांतली मुलं असू शकतात. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल खाण्यापिण्यावरच्या आणि सणवारांवरच्या मतभेदांना जागा देतो, पण त्यावरून एकमेकांना तुच्छ लेखू देत नाही. तुमच्या पाळकांशी आधी बसून बोला आणि कुठल्या विषयावर तुम्ही “आपली मंडळी असं मानते” म्हणायचं, ते ठरवून घ्या. ऐनवेळी मुलाच्या प्रश्नासमोर ते ठरवणं कठीण जातं.

आणि त्या मुलीशी येत्या रविवारी वर्ग सुरू व्हायच्या आधीच बोला. तिला सांगा की तिचा प्रश्न चांगला होता आणि घाईत दिलेलं एका शब्दाचं उत्तर त्याला पुरेसं नव्हतं. मग मण्यांची बरणी भरायला मदतनीस म्हणून तिलाच घ्या. साक्षीदार म्हणून वर्गासमोर उभं राहून सगळ्यांच्या “कशावरून?”ला उत्तरं देणं तिला नक्की जमेल.